डाव्या सीटपुढचा कॅमेरा

बाबा घरात फारसे बोलत नसत. जेवताना, टीव्हीसमोर, पाहुणे आले तरी नुसतं हूं-हूं. पण स्टीअरिंग हातात आलं की त्यांना वाचा फुटायची. त्यांची सगळी नोकरी सरकारी जीपवर ड्रायव्हर म्हणून गेली. मागे साहेब बसलेले, म्हणून गाडी चालवताना तोंड बंद ठेवायची सवय. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी छोटी गाडी घेतली आणि इतक्या वर्षांचं साठलेलं त्या गाडीत बोलायला लागले. कुठला साहेब घाटात डोळे मिटून बसायचा, कुठल्या गावात जीप रुतली तेव्हा सगळी शाळा ढकलायला आली होती, असं बरंच काही.

गेल्या वर्षी अलिबागच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. म्हणाले, "डाव्या बाजूचं कमी दिसायला लागलंय. गाडी हळूहळू बंद करा."

या 'हळूहळू'चा अर्थ आम्ही आपापल्या सोयीने लावला. आईला वाटलं, आठवडाभरात. बाबांना वाटलं, वर्षभरात. आणि मला वाटलं, त्यांचं बोलणं माझ्याकडे रेकॉर्ड होईपर्यंत. तेव्हा मी हे असं कबूल केलं नसतं. पण त्या दिवसापासून मला चैन नव्हतं. मी काम करते त्या कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकं लावताना मधेच आठवायचं, की बाबा आत्ता बाजारात निघाले असतील, एकटेच असतील, कदाचित स्वतःशीच काही बोलत असतील.

आधी मोबाइल हातात धरून पाहिलं. माझा हात दुखायचा आणि बाबा माझ्या हाताकडे बघून गप्प व्हायचे. मग काचेला चिकटणारा रबरी स्टँड आणला. ऑक्टोबरच्या उन्हात काच तापली, खाडीच्या पुलावर चाक खड्ड्यात गेलं आणि मोबाइल सुटून थेट बाबांच्या पायांपाशी पडला. त्यांनी गाडी बाजूला घेतली. त्यांचा आवाज चढलेला मी क्वचितच ऐकला होता.

"ब्रेकखाली गेला असता म्हणजे?"

"डॅशबोर्डवर घट्ट बसवू का?" मी विचारलं.

डॅशबोर्डवर मधोमध बुद्धाची पांढरी मूर्ती होती. गाडी घेतली त्याच दिवशी त्यांनी ती चिकटवली होती. "ती हलणार न्हाय," बाबा म्हणाले. विषय संपला.

मग मी डाव्या सीटवर एक पाट ठेवला, त्यावर खुंटी ठोकली आणि सगळं सीटबेल्टने आवळलं. घरी येऊन रेकॉर्डिंग पाहिलं, तर बाबा जागच्या जागी उड्या मारत होते. सीटचा फोम दबायचा, उसळायचा, त्याबरोबर मोबाइलही.

आमच्या गावात खाडीच्या काठाला होड्या दुरुस्त करणारे एक सुतारकाका आहेत. मी तो पाट त्यांच्याकडे नेला. त्यांनी तो हातात घेऊन उलटासुलटा केला.

"ताई, होडीची डोलकाठी कशावर उभी असते?"

"फळ्यांवर?"

"न्हाय. फळ्यांतून खाली जाते. तळाला. तू गादीवर काठी उभी केलीस, ती नाचणारच."

"पण गाडी तर हलणारच ना, काका?"

"हलू दे की. गाडी हलली की कॅमेरा पण तेवढाच हलला पाहिजे, तिच्याबरोबर. मग बघणाऱ्याला कळत न्हाय."

ते स्वतः गाडीत वाकले. डाव्या सीटपुढे, पाय ठेवतात तिथे, रबरी मॅट उचलून खालचा पत्रा बोटांनी ठोकून पाहिला. होडीच्या उरलेल्या सागाच्या पट्ट्यांची एक तिकाटणी त्यांनी बनवली. दोन पाय पुढे, एक मागे. पायांखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे. वर एक बोल्ट, त्यावर माझ्या मोडक्या ट्रायपॉडचा मोबाइल धरायचा चाप. सीट पुढे सरकवली की मागचा पाय तिच्यात अडकून सगळं घट्ट बसायचं. मी दोन्ही हातांनी हलवून पाहिलं. हललं नाही. गिअरचा दांडा मोकळा होता, डावा आरसा दिसत होता. तो मी तपासला होता. पण तपासला मागच्या सीटवरून.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मांडव्याला निघालो. जेट्टीवरून माझी मावशी यायची होती. मी मागे बसले, साहेबांच्या जागेवर. सुरुवातीला बाबा गप्प होते. मग बाजार मागे पडला, दोन्ही बाजूंना कापलेली भातशेतं लागली आणि त्यांनी बोलायला सुरुवात केली.

"तुला वाटतं ना, मला चहा आवडत न्हाय?"

मला काय, सगळ्या घराला तेच वाटत होतं. आमच्याकडे चहा नेहमी एक कप कमी व्हायचा.

"नोकरीच्या पहिल्या वर्षी साहेबांबरोबर पालीकडच्या एका गावात गेलो होतो. मोठं घर होतं. साहेबांना चहा आला कपबशीतून. मला आधी आडनाव विचारलं, मग चहा आला. काचेचा ग्लास. ओट्याच्या बाहेर, भिंतीवर ठेवला. भिंतीवर त्या ग्लासाचा गोल डाग होता, बाय. म्हणजे तो ग्लास तिथेच असायचा."

"मग?"

"मी म्हटलं, माझा उपास आहे. साहेब माझ्याकडे बघत होते. त्यांना कळलं असणार. मग पुढच्या दौऱ्यात कुठे अडचण नको, म्हणून मी सगळीकडेच नको म्हणायला लागलो. मग घरीपण तेच..."

मी त्यांच्या मानेकडे बघत होते. तेवढ्यात डावीकडच्या वाडीतून एक स्कूटर रस्त्यावर आली. चालवणारी बाई, पुढ्यात माशांची पाटी. मला ती दिसली. बाबांनी वेग कमी केला नाही.

"बाबा, ब्रेक!"

टायर ओरडले. स्कूटर हातभर अंतरावर थांबली. बाईने जे बोलायचं ते सगळं बोलून घेतलं, आणि ते चुकीचं नव्हतं. ती गेली तरी बाबा स्टीअरिंग धरून बसले होते.

"कुठून आली ती?" त्यांनी मला विचारलं.

त्यांनी चावी काढून माझ्या हातात दिली. मांडव्यापर्यंत मी चालवलं, ते मागे बसले. मावशीला आम्ही दोघांनीही काही सांगितलं नाही.

घरी येऊन मी रेकॉर्डिंग पाहिलं. चित्र इतकं स्थिर होतं, की बाबांच्या पापणीची हालचाल दिसत होती. बाबांच्या मागच्या काचेतून शेतं पळतात, बाबा बोलतात, आणि माझी ओरड ऐकू येईपर्यंत त्यांची नजर एकदाही डावीकडे जात नाही. मग मी गाडीत जाऊन मोबाइल पुन्हा चापात अडकवला आणि त्यांच्या जागेवर बसले. मोबाइल डावीकडच्या काचेचा मूठभर भाग झाकत होता. त्या मुठीएवढ्या जागेत एक स्कूटर मावते का? मी मान पुढे केली, मागे केली. कधी मावते असं वाटलं, कधी नाही.

मी बाबांना ते दाखवलं आणि मुठीबद्दलही सांगितलं. त्यांनी तीनदा पाहिलं.

"तुझ्या लाकडानं न्हाय," ते म्हणाले. "मला दिसतच नव्हतं. आधीपण दोनदा झालंय."

ते खरं होतं की माझ्यासाठी बोलले, हे मला आजही कळलेलं नाही. आईला त्यांनी स्वतः सांगितलं. तिने त्यांच्याकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं.

बाबांनी गाडी सोडली ती कायमची. मी चालवायला तयार होते, पण माझ्या शेजारी बसून ते बोलत नाहीत, रस्ता बघतात. दोनदा तिकाटणी मागे लावून पाहिली. चाळीस मिनिटांत त्यांनी मला फक्त गिअर बदलायला सांगितलं.

अलीकडे ते अलिबागला सहा सीटर रिक्षाने जातात, पुढे ड्रायव्हरशेजारी बसून. परवा बाजारात एका रिक्षावाल्याने मला हाक मारली. "तुमच्या बाबांनी काय किस्सा सांगितला काल! त्या साहेबाचा आणि बैलाचा! हसून हसून गाडी बाजूला घ्यायला लागली."

"कुठला किस्सा?" मी विचारलं. मला तो माहीत नव्हता.

तो सांगायला लागला, पण गाडी भरली होती. मागची माणसं ओरडायला लागली, आणि तो अर्ध्यातच निघून गेला.