ठेंगण्या पुलावरची उडी

इवाओसान घाबरलेला आहे हे आमच्या धक्क्यावर फक्त मला ठाऊक होतं. त्या दिवशी सकाळी नावा सोडायच्या आधी तो तीनदा लघवीला जाऊन आला. चौथ्यांदा निघाला तेव्हा मी म्हणालो, "अहो, कालव्यात आधीच पाणी लई झालंय."

एरवी असल्या बोलण्यावर त्यानं माझ्या बापाचा उद्धार केला असता. त्या दिवशी नुसतं बघितलं आणि गेला.

जपानातल्या आमच्या यानागावा गावात पर्यटकांना कालव्यांतून फिरवणारी नाव वल्ह्यानं चालत नाही, बांबूनं चालते. नावाडी मागच्या टोकाला उभा राहतो, बांबू तळात रोवतो आणि रेटतो. इवाओसाननं चौतीस वर्षं तेच केलं. त्याआधी बापाबरोबर समुद्राच्या चिखलात फळीवर गुडघा टेकून निवट्या, म्हणजे चिखलातले मासे, धरायचा. माणूस आडवा, मानेला जाड, वजनाला नव्वद किलोंच्या पुढंच. बायको फुसाए देवळापाशी लोणची विकते. गाणं त्याला येत नाही. नावाड्याला गाणं आलं पाहिजे अशी आमच्या मालकिणीची समजूत. गाता येत नाही म्हणून तो उडी मारायचा.

ही उडी म्हणजे काय, तर वाटेत एक ठेंगणा दगडी पूल आहे. त्याखालून जाताना सगळ्यांनी वाकायचं, नावाड्यानंही. पण इवाओसान पुलाजवळ आला की नावेला शेवटचा रेटा द्यायचा, बांबू आत टाकायचा, हातांनी कठडा धरून पुलावर चढायचा, तीन ढांगांत पूल ओलांडायचा आणि खालून नाव बाहेर पडली की बरोबर तिच्या मागच्या टोकावर उतरायचा. लोक टाळ्या वाजवायचे. लांबलांबून लोक ती उडी बघायला यायचे.

त्या दिवसाच्या महिनाभर आधीची गोष्ट. मी माझी नाव घेऊन समोरून येत होतो. इवाओसान पुलावरून उतरला आणि पाय वीतभर चुकला. एक तंगडी पाण्यात, छाती नावेच्या कडेवर, नाव अशी कलली की आतली चहाची भांडी गडगडली. लोकांना वाटलं मुद्दाम केलं. टाळ्या वाजवल्या. त्यानं वर येऊन हसून दाखवलं. त्याचं तोंड उकडलेल्या कोळंबीसारखं वाकडं झालेलं मी पाहिलं. त्या दिवसापासून तो शेजारच्या ओमुता शहरातल्या बायका येणार त्या तारखेकडं डोळे लावून भीत बसला होता.

त्या बायका दर हिवाळ्यात एकदा यायच्या. बारा जणी, सगळ्या साठीच्या पुढच्या, सगळ्यांची तोंडं चालू. त्यांची म्होरकी तोकिए.

"इवाओसान! अजून जिवंत का?"

"तुम्ही येणार म्हणून थांबलोय."

"औंदा व्हिडिओ काढणार. नातवाला दाखवायचंय, म्हातारा माणूस बेडकासारखा कसा उडतो ते."

पाच जणी त्याच्या नावेत बसल्या, सात माझ्या. थंडीचे दिवस, म्हणून नावेत मधोमध शेगडी, तिच्यावर लाकडी चौकट, चौकटीवर रजई. बायका रजईत पाय घालून बसल्या आणि आम्ही निघालो. तो पुढं, मी मागं.

जुन्या वखारींच्या लाल भिंती, वाळक्या विलो झाडांच्या फांद्या, सगळं नेहमीसारखं. फक्त पाणी नेहमीसारखं नव्हतं. रात्री डोंगरात पाऊस झाला होता आणि समुद्राला मोठी भरती होती, म्हणून समुद्राकडची पाण्याची दारं बंद होती. वरून येणारं पाणी कालव्यात साठत होतं. भिंतीवरच्या शेवाळाची रेघ बुडाली होती. इवाओसान सारखा त्या रेघेकडं बघत होता. मीही बघायला लागलो.

दुपारी खाणावळीच्या घाटाला लागलो. तिखटगोड रसात भाजलेल्या निवट्या आल्या, लाकडी पेटीत भातावर वाफवलेला वाम मासा आला, आणि मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या, रश्शात समुद्रफूल, फुलासारखा दिसणारा समुद्रातला जीव. या समुद्रफुलाला आमच्याकडं पोराच्या ढुंगणाच्या भोकावरून नाव ठेवलंय. दरवर्षी कोणीतरी ते मोठ्यानं विचारतंच.

"हे काय गं?" एका नवख्या बाईनं विचारलं.

"खा आधी, मग सांगते," तोकिए म्हणाली. "तुझ्या नवऱ्यापेक्षा मऊ आहे."

बाया खिदळत होत्या. इवाओसाननं पेटीचं झाकणसुद्धा उघडलं नाही. मी शेजारी बसून हळूच म्हणालो, "गुडघा दुखतोय सांगा. मी सांगतो हवं तर."

"गुडघा धड आहे."

"मग?"

"पाणी किती चढलंय बघितलंस? मी नावेतून उतरलो की माझं वजन जातं, नाव वर येते. चौकट पुलाला अडकणार. खाली पाच बाया. पाणी चढतंय." त्यानं पेटी बाजूला सारली. "पण हे खरंच पाण्यामुळं म्हणतोय का माझी फाटलीय म्हणून, ते माझं मलाच कळंना झालंय."

खाणावळीपासून पुलापर्यंत दोन्हीकडं उभ्या भिंती. उतरायला पायरी नाही, वळायला जागा नाही. खाणावळीला रस्ता नाही, वाट पाण्यातूनच; आणि तिथंच घाटावर थांबतो म्हणावं, तर भरती उतरून दारं उघडायला अंधार पडणार, बायकांची परतीची गाडी चुकणार.

पूल दिसला. कमानीखाली नेहमी माणूस वाकून बसेल एवढी पोकळी असायची. आता काळी फट राहिली होती.

"चला, बेडूक!" तोकिए फोन धरून उभी राहिली.

"खाली बसा."

"उडी कुठून घेणार, डावीकडून?"

"आडव्या व्हा सगळ्या. रजईत घुसा. चौकट दोन्ही हातांनी खाली दाबून धरा."

"अगं बाई, हा घाबरला!" तोकिए म्हणाली. माझ्या नावेतल्या बायकाही हसल्या. "इवाओसान, आम्ही एवढ्या लांबून आलो ते काय तुमचं ढुंगण बघायला?"

तो कठड्याजवळ आला. सवयीनं त्याचा हात वर गेला, दगडाला लागला. मला वाटलं, गेला आता हा. हात तिथं किती वेळ होता कोण जाणे. मग त्यानं बांबू आत ठेवला आणि उताणा पडला.

नाव आत शिरली. निम्मी गेली आणि खर्रर्र असा आवाज आला. थांबली. आतून कोणीतरी किंचाळलं, तोकिएच असावी. मी बांबू तळात रोवून माझी नाव धरून ठेवली. पाणी कमानीच्या दगडाला चाटत होतं आणि आत काय चाललंय ते काही दिसत नव्हतं.

"पाय वर लावा!" इवाओसानचा आवाज आला. "दगडाला तळपाय लावा आणि रेटा! बाळंतपणात रेटलं तसं रेटा!"

कण्हणं, शिव्या, एकीचं रडणं. त्या सहा जणांनी पुलाला वर रेटलं म्हणजे नावेला खाली दाबलं. बोटभर दबली असेल. पुन्हा खर्रर्र. नाव हळूहळू त्या फटीत दिसेनाशी झाली.

मग माझी पाळी. माझी नाव दोन बायांनी जड, म्हणून बसकी होती. घासत का होईना निघाली. मीही उताणाच गेलो. दगड नाकासमोरून सरकत होता आणि नावेतल्या सातही जणींनी चौकट घट्ट दाबून धरली होती.

पलीकडं इवाओसान उभा राहून बांबू मारत होता. पुलाखाली दगड धरून नाव ओढताना त्याचे दोन्ही तळहात सोलले होते, बांबू लाल झाला होता. तोकिएचे केस शेवाळानं हिरवे. फोन पाण्यात गेला होता. धक्क्यावर उतरताना तिनं रुमाल काढून त्याच्या हातात कोंबला.

मालकीण सुमिए वही घेऊन उभी होती. "उडी झाली ना नीट?"

"झाली नाही. माझ्या नावापुढं उडी लिहिलंय ते खोडा. उद्यापासून मारणार नाही."

"आता? हंगामात? लोकांना मी काय सांगू?"

"भितो म्हणून सांगा."

सुमिए माझ्याकडं बघायला लागली, हा चेष्टा करतोय का म्हणून. इवाओसान तोवर रुमाल दातांनी ओढून हाताला बांधत होता. गाठ बसेना. मी पुढं होऊन बांधून दिली.