साडेबारा

यांच्या डोळ्यांचा मागचा पडदा विरत चालला होता, हे देवाला आणि मलाच ठाऊक. कारखान्यात हे तपासनीस. सव्वीस वर्षं यांचा शिक्का पडल्याशिवाय एक पिन दाराबाहेर गेली नाही. निवृत्तीपर्यंतची दोन वर्षं कशीबशी काढायची होती. मापयंत्रावरचे ठळक आकडे अजून दिसत. ड्रॉइंगवरचे बारीक नाही. म्हणून उद्याचं ड्रॉइंग हे घरी आणत, मी वाचून दाखवी आणि हे पाठ करत.

पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "एकेक आकडा वाच, शेवटचं शून्यसुद्धा. मापाशेजारी किती फरक चालेल ते लिहिलं नसेल, तर कोपऱ्यातला तक्ता लागू होतो. दशांश चिन्हापुढे एकच आकडा असेल तर जास्त फरक चालतो, दोन असतील तर त्याच्या निम्माच."

"शून्याला एवढी किंमत?"

"घरात मला आहे तेवढी," म्हणाले आणि स्वतःच हसले.

मंगळवारी माझी प्रार्थनेची वेळ टळत होती. कागदावर १२.५० होतं. मी घाईत म्हटलं, "साडेबारा." बाजारात म्हणतो, घड्याळाला म्हणतो, तसंच. यांनी मनात १२.५ लिहून घेतलं.

तीनशे पिना पास झाल्या आणि सगळ्या परत आल्या. काही यंत्राच्या भोकात खुळखुळत होत्या, काही शिरतच नव्हत्या.

शुक्रवारी यांचे सोबती फिटर भाऊजी दारातूनच म्हणाले, "वहिनी, साहेब स्वतः सांगत होते, ड्रॉइंगची कॉपी पुसट होती असं लिहून द्या, निभावून नेऊ. पण हा ऐकेल तर शपथ! म्हणाला, कॉपी ठणठणीत आहे, माझे डोळे गेलेत. शिक्का टेबलावर ठेवला आणि निघाला."

भाऊजी गेल्यावर मी विचारलं, "माझं नाव का नाही घेतलंत?"

"शिक्का माझा होता."

"पण साडेबारा मी म्हटलं."

"ऐकलं ना. पुढे शून्य आहे का, हे विचारायचं माझं काम. ओठावर आलं होतं गं. तुझा आवाज दमलेला वाटला, म्हणून राहू दिलं."

आज मी प्रार्थनेला बसले, पण शब्दच फुटेना. देवासाठी घाई केली, असं देवालाच कोणत्या तोंडाने सांगू? हे शेजारी येऊन बसले, माझा हात धरायला हात पुढे केला. तो सतरंजीवरच चाचपत राहिला. मग मीच माझा हात सरकवला.