पळायची जागा

“भाईर पळा! आरं ताटं सोडा, भाईर पळा!”

आई ओरडली तेव्हा आमच्या मेसमध्ये दुपारची चौदा पोरं जेवत होती आणि मांडणीच्या कडेला पालथ्या पेल्यावर ठेवलेला दुसरा पेला नुकताच फरशीवर पडला होता. पेल्यावर पेला ही आमच्या घरची वेधशाळा. वरचा पडला की धरणी हलली. भूकंपाच्या सालापासून ती एक दिवस बंद नाही. लातुरात वीज जाते, पाणी दहा-दहा दिवस येत नाही, पण आमची वेधशाळा चालू.

पोरं होती नांदेड, लोहा, मुखेडकडची. डॉक्टर व्हायला आलेली. भूकंपाच्या वेळी त्यांच्यातलं एकही जन्मलेलं नव्हतं. पण आमच्याकडं जेवायला लागलेल्या पोराला आई पहिल्या दिवशी डाळीची चव विचारायची नाही, पळायची वाट दाखवायची. त्यामुळं चौदाच्या चौदा उठली. मुखेडचा एक गडी तेवढा ताट घेऊनच पळाला, आणि पळता पळता दोनदा भात कालवून खाल्ला, हे मी देवाशपथ सांगतो.

पळायची जागा म्हणजे रस्त्यापलीकडचं मैदान. त्या साली गणपती बोळवून गाव नुकतं आडवं झालं होतं, अन् पहाटे धरणीनं कूस बदलली. तिकडं किल्लारीकडं गावंच्या गावं गेली. इकडं आमच्या भिंतींना भेगा पडल्या आणि पुढं महिनाभर सगळी गल्ली त्या मैदानावर झोपली. पलीकडच्या मोहल्ल्यातलं टेलरचं कुटुंब आमच्या शेजारी होतं. टेलरची बायको, आमची चाची, आणि आई, दोघींची मिळून एकच ताडपत्री. तिच्याखाली सात पोरं. मी सत्तर सांगतो, पण होती सातच. तेव्हाचा रस्ता दहा पावलांचा. धरणी हलली की दहा पावलं पळायचं, हा दोन्ही घरांचा कायदा ठरला.

मग क्लासेस आले. क्लासमागं पोरं आली, पोरांमागं पाच-पाच मजली होस्टेलं उठली, रस्ता चौपदरी झाला आणि रातंदिवस ट्रक. मधोमध कमरेएवढी काँक्रीटची भिंत घातली. चाचीचं घर समोर दिसायचं, पण तिथं जायचं तर चौकापर्यंत चालून वळसा. आईचे गुडघे गेले, चाचीला दम लागायला लागला. दोघी आपापल्या दारातून एकमेकींना हात करायच्या, जशा काही दोन वेगळ्या मुलखातल्या.

हा पेला पडला त्या वर्षी ट्रक बायपासला गेले आणि सरकारनं ठरवलं, हा रस्ता आता गावाला परत द्यायचा. रुंद फुटपाथ, झाडं, बसायला बाकं, गाड्यांना सावकाश चाल. भिंत मात्र दोनच ठिकाणी फोडायची: क्लाससमोर आणि चौकात. बाकी भिंतीत फुलझाडं. आई कामावरच्या इंजिनिअरकडं गेली. मी मागं उभा.

“आजी, सर्वेक्षणात तुमच्या गल्लीसमोर ओलांडणारा एकही माणूस सापडला नाही.”

“भिंत हाय म्हून न्हाई सापडला, बाबा. भिंत काढ, मंग मोज.”

“मागणी असल्याशिवाय वाट देता येत नाही.”

“अन् धरणी हालल्यावर मागणी करायला कुटं यिऊ? तुज्या हापिसात?”

त्यानं नकाशाची घडी घातली. भिंत तशीच राहिली. आई घरी येऊन एवढंच म्हणाली, “आता हालली की म्या घरातच बसनार.”

आणि नंतरच्याच आठवड्यात पेला पडला.

रस्त्यावर आलो तर अर्धी गल्ली बाहेर. पायाखालची जमीन थरथरत होती. दोन्ही बाजूंच्या होस्टेलांकडं वर बघवत नव्हतं. कुठला मजला आधी सुटेल ते प्रत्येकजण डोळ्यानं शोधत होता. कुणीतरी रडत होतं. पोरांनी भिंतीवरून उड्या टाकल्या. मीही टाकली. चाळिशीतला, पोट सुटलेला माणूस मी, पण हरणानं बघावं अशी उडी होती. पलीकडं टेकलो आणि तेव्हा आठवलं की मला आई आहे.

मागं वळलो. घरात बसणार म्हणालेली आई एक पाय भिंतीच्या इकडं, एक तिकडं अशी वर अडकली होती. गुडघा वळत नव्हता. पलीकडच्या गल्लीतून चाची धापा टाकत आली आणि तिनं आईचा हात धरला.

“वैनी, पाव इकडं टाका! या अल्ला, जल्दी करो ना!”

“भाभी, ह्यो पाय माजं आयकंना!”

तेवढ्यात माझ्याशेजारी एक माणूस येऊन उभा राहिला. अंगभर धूळ, छाती भात्यासारखी चाललेली. मी ओळखला. फुटपाथची खडी दाबणारा रोलरचा ड्रायव्हर.

“आरं, तू रोलर चालवत होतास ना?”

“हाव.”

“मग धरणी कोण हालवत होतं?”

त्यानं विचार केला. “मीच.”

“मग पळालास कशाला?”

“समदे पळून राहिले ना.”

हसू यायला हवं होतं. पण जमीन अजून थरथरत होती. म्हणजे रोलर चालूच होता, आणि त्याच्यावर कुणी नव्हतं. मी बघितलं तर आमच्या घराच्या बाजूनं तो दहा टनी गडी तिरका होऊन, गाभण म्हशीच्या चालीनं, खडी सोडून भिंतीकडं निघाला होता. थेट आईकडं. ड्रायव्हर उलटा रोलरकडं पळत सुटला. मी आईच्या कमरेला मिठी घातली, चाचीनं खांदे धरले, मुखेडवाल्यानं अखेर ताट खाली ठेवून तिचा अडकलेला पाय उचलला. आम्ही चौघं एकदम मैदानाच्या बाजूला कोसळलो. कानाशी कडाड झालं. आमच्यापासून चार हातांवर भिंत आडवी झाली, सळया वर आल्या आणि ड्रायव्हरनं चढून रोलर बंद केला.

मग जी शांतता पडली, तशी मी भूकंपाच्या पहाटेनंतर ऐकली नव्हती.

इंजिनिअर धावत आला. त्यानं आईकडं बघितलं, भगदाडाकडं बघितलं. “कुणाला लागलं तर नाही? बरं. हे उद्याच्याला भरून घेतो.”

आई उठली, लंगडत गेली आणि त्या भगदाडात तुटक्या काँक्रीटवर बसली. चाची तिच्या शेजारी. ड्रायव्हर येऊन टोपी काढून उभा राहिला.

“आदी आमाला भर,” आई म्हणाली. “मंग भिंत.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी पुन्हा तिथंच. तिसऱ्या दिवशी आईनं पोळपाट-लाटणं तिथं मागवलं. पोरांचं जेवण त्या दिवशी रस्त्याच्या मधोमध झालं, आणि पंगत चौकापर्यंत गेली असं मी सगळीकडं सांगतो. चौथ्या दिवशी कामगार आले. सळया कापल्या, कडा घासल्या, दोन्ही अंगांना उतार केला. इंजिनिअर स्वतः टेप लावून बसला होता.

मला राहवेना. “साहेब, कागदावर ह्या वाटेचं कारण काय घातलं? म्हातारी का रोलर?”

तो टेप गुंडाळत म्हणाला, “वरचे कारण विचारत नाहीत. रुंदी विचारतात.”