वीस लिटरला अर्धा लिटर

रामकिसन मिस्त्रीचा हात लवकर उठायचा आणि त्याला त्याची लाज नव्हती. उलट अभिमानच होता. त्याच्या डाव्या हाताची करंगळी मधूनच वाकडी होती, ती तो नव्या माणसाला सर्टिफिकेटासारखी दाखवायचा. औरंगपुऱ्याच्या गॅरेजात त्याचे उस्ताद चांदपाशा यांनी ती मोडली होती. जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरच्या इंजिनाला वंगण मिळतं ते पेट्रोलात मिसळलेल्या तेलातूनच. एका गिऱ्हाइकाच्या टाकीत रामकिसन तेल टाकायलाच विसरला आणि भर रस्त्यात पिस्टन जाम झाला. उस्तादांनी त्याचा पंजा लोखंडी ऐरणीवर ठेवला आणि पान्ह्याचा एकच घाव घातला. "अब जिंदगीभर नहीं भूलेगा," म्हणाले, आणि स्वतःच रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेले.

रामकिसन खरंच विसरला नाही. तेल तर नाहीच, आणि मारल्याशिवाय माणूस शिकत नाही हेही नाही.

पुढं टू-स्ट्रोक गाड्या रस्त्यावरून हद्दपार झाल्या आणि रामकिसनची विद्याही भंगारात निघाली. तेवढ्यात मंदारशेठ भेटला. पैठणच्या अलीकडं, धरणाच्या फुगवट्यावर त्यानं बोटिंग सुरू केलं होतं आणि कोकणातून दोन जुन्या वॉटर स्कूटर आणल्या होत्या, एक लाल, एक निळी. दोन्ही टू-स्ट्रोक. शहरातले पोरसवदा मेकॅनिक त्यांच्याकडं नुसते बघत राहिले. रामकिसननं झाकण उघडून वास घेतला आणि त्याचा चेहरा कित्येक वर्षांनी उजळला.

या गाड्यांना तेलाची वेगळी टाकी असते. छोटा पंप त्यातलं तेल मापात इंजिनाला देतो, पेट्रोल साधंच भरायचं. ते भरायचं काम कचरूकडं होतं. कचरू मासे धरणारा माणूस, रामकिसनपेक्षा सहा-सात वर्षांनी मोठा. काठावर सगळे त्याला मामा म्हणायचे. रामकिसन तेवढा 'कचऱ्या' म्हणायचा.

पहिल्याच आठवड्यात कचरूनं होडीच्या जुन्या इंजिनाच्या सवयीनं निळीच्या पेट्रोलात तेल मिसळलं. पंपाचं तेल आणि वरून हे. प्लग काजळले, धुराचा लोट उठला आणि गिऱ्हाईक पाण्यात अडकलं. रामकिसननं सगळ्यांदेखत कचरूच्या कानाखाली दोन लगावल्या. तो वाकला तशी पाठीत पान्ह्याची मूठ हाणली.

"पंप हाय ना! मग साधं घालायचं! डोस्कं हाय का खोकं?"

"व्हय मिस्त्री," कचरू म्हणाला. ओठ फुटला होता, तो त्यानं धरणाच्या पाण्यानं धुतला.

पावसाळ्यानंतर लालची तेलाची नळी तडकलेली सापडली. वीस वर्षांचं प्लास्टिक, कधीही दगा देणार. रामकिसननं पंपच काढून टाकला आणि भोकावर पत्रा बसवला.

मंदारशेठ कुरकुरला. "आता बाटलीनं मोजून मिसळायचं? पुन्हा घोळ. पंपाचं बरं होतं."

"शेठ, जुना पंप मरताना सांगून मरत नाय. मिसळलेलं असलं म्हंजी जवर पेट्रोल हाय तवर तेल हाय." मग तो कचरूकडं वळला. "लालला वीस लिटरला अर्धा लिटर. निळीला साधं. चुकलास तर हात तोडीन."

दोन रविवार कचरूनं बरोबर मिसळलं. लालची तेलटाकी मात्र जागेवरच होती, नुसती शोभेला. ती काढायचा कंटाळा रामकिसननं केला आणि रिकामी दिसते म्हणून मंदारशेठनं एका शनिवारी हौसेनं ती काठोकाठ भरून ठेवली. त्यानं ते कुणाला सांगितलं नाही.

रविवारी सकाळी कचरूनं झाकण उघडलं तर तेलटाकी भरलेली. मिस्त्रीनं पंप परत बसवला की काय? मिसळावं तर डबल तेल होणार, आणि त्याचा मार त्याच्या पाठीला ठाऊक होता. विचारावं तर मिस्त्री पंधरा पावलांवर, गंजलेल्या बोल्टाशी झटत, बोल्टाच्या सात पिढ्या उद्धरत होता. कचरू जवळ गेला. थोडा वेळ उभा राहिला. मिस्त्रीनं पान्हा जमिनीवर आपटला तसा तो मागं फिरला आणि लालमध्ये वीस लिटर साधं पेट्रोल ओतलं.

दुपारी हिमांशू नावाचा एक तरुण मित्रांबरोबर आला आणि लाल घेऊन गेला. चार फेऱ्या मारल्या. पाचव्या फेरीत काठावरच्या मित्रांना पाणी उडवायचं म्हणून तो फुल वेगात थेट किनाऱ्याकडं आला, आता वळेल असं सगळ्यांना वाटत असतानाच इंजिनातून किंचाळी आली आणि ते बंद पडलं. मागच्या पाण्याचा झोत हाच या गाडीचा सुकाणू. झोत गेला की हँडल कितीही फिरवा, गाडी सरळच जाते. हिमांशू हँडल फिरवत राहिला. गाडी बंधाऱ्याच्या दगडांवर चढली आणि उलटली. मांडीचं हाड कातडी फाडून बाहेर आलं, जबडा एका बाजूला सरकला, आणि दगडांमधलं पाणी लाल झालं. कचरूनंच आधी उडी टाकून त्याला वर ओढलं. जीपमध्ये घातला तेव्हा तो ओरडत होता, म्हणजे जिवंत होता.

चार मित्र त्याच्याबरोबर गेले, आठ मागं राहिले. त्यांनी मंदारशेठची कॉलर धरून त्याला पत्र्याच्या ऑफिसात लोटलं. खुर्च्या फुटल्याचा आवाज येऊ लागला.

रामकिसन गाडीकडं धावला. प्लग काढून बघितलं, सिलिंडर ओरबाडून निघालेला. भज्यांच्या कागदाचा कोरा कोपरा फाडून त्यानं त्यावर टाकीतल्या पेट्रोलचा थेंब टाकला आणि वाऱ्यावर धरला. तेल असतं तर डाग उरला असता. थेंब उडाला, कागद जसाच्या तसा. एक ठिपका नाही.

त्याच्या डोक्यात तिडीक गेली. पान्हा उचलून तो पेट्रोलच्या शेडकडं गेला. कचरू ड्रमामागं उकिडवा बसला होता, दोन्ही हात डोक्यावर.

"तेल का नाय मिसळलं?"

"टाकी भरलेली व्हती. मला वाटलं, पंप बसवला."

"मग इचारायचं ना, भाड्या! मी हितंच व्हतो!"

"आलो व्हतो." कचरूनं मान वर केली नाही. "तुमी मारलं असतं."

रामकिसनचा पान्हा हवेत तसाच राहिला. उस्तादांनी शिकवलेलं कुणी असं त्याच्या तोंडावर कधी मोडून टाकलं नव्हतं. त्याला स्वतःची भयंकर किळस आली.

तेवढ्यात ऑफिसातून रक्ताळल्या तोंडानं मंदारशेठ बाहेर पडला आणि त्यानं शेडकडं बोट केलं. "तिकडं आहेत ते. एक मिस्त्री, एक पेट्रोलवाला."

आठ जण आले. एकाच्या हातात होडीचं वल्हं होतं. "कोणी केलं हे?"

कोरा कागद रामकिसनच्या मुठीत होता. नुसता पुढं केला असता आणि दोन शब्द बोलला असता, तर तो सुटला असता. त्यानं कागदाचा बोळा करून खिशात घातला आणि ड्रमाच्या पुढं येऊन उभा राहिला.

"लालचा पंप मी काढला," तो म्हणाला. "म्हाताऱ्याला काय ठावं नाय."

पहिला फटका खांद्यावर बसला, दुसरा चुकवायला त्यानं उजवा हात वर केला आणि मनगट काडकन मोडलं. खाली पडल्यावर लाथा. बरगडीत, तोंडावर, पुन्हा त्याच मनगटावर. कचरू मध्ये पडायला आला तर रामकिसननं मातीतूनच ओरडून त्याला मागं हटवलं. दात दोन गेले. वल्हं मोडलं तेव्हा ते थांबले.

हिमांशू वाचला. महिन्याभरानं रामकिसन काठावर आला. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, पान्हा आता डाव्या हातात. शोभेची तेलटाकी त्यानं आधी उपटून फेकली. लालला नवा सिलिंडर बसला होता, पेट्रोल भरायचं बाकी होतं.

कचरू कॅन घेऊन आला आणि चार हात लांब थांबला.

"मिस्त्री, हिला तेल किती?"

"वीस लिटरला अर्धा लिटर, मामा," रामकिसन म्हणाला. कुणाशीही बोलताना त्याचा आवाज कधी इतका खाली आला नव्हता. "रोज इचारा. धा येळा इचारा." आणि तेलाची बाटली कुठं आहे ते दाखवायला त्यानं प्लास्टरचा हात वर केला.

कचरूनं कॅन टाकून दिला, डोळे मिटले आणि दोन्ही हात डोक्यावर घेतले.

रामकिसनला आपला वर उचललेला हात खाली घ्यायचंही धाडस झालं नाही.