न काढलेली पत्रिका

डोंबिवलीत, आमच्याच मजल्यावर, समोरच्या दारामागे त्र्यंबक दामले राहतात. ठाण्याच्या एका कंपनीच्या हिशेब खात्यातून ते निवृत्त झाले आणि येताना एकच गोष्ट घरी घेऊन आले: मॅक्रो. मॅक्रो म्हणजे कॉम्प्युटरला एकदा सांगून ठेवलेलं काम. मग तो ते न विचारता, न कंटाळता करत राहतो. दामल्यांचं विजेचं बिल आपोआप भरलं जातं, फोटो आपोआप आपापल्या कप्प्यात जातात, पाडव्याला सगळ्या नातेवाइकांना एकाच क्षणी एकच गुढी पोचते.

"वेळ वाचतो," दामले म्हणतात.

वाचलेल्या वेळात ते खुर्ची ओढून पडद्यासमोर बसतात आणि कॉम्प्युटर काम करताना बघतात. चहा निवतो. त्यांच्या बायकोच्या, प्रमोदिनीबाईंच्या वाट्याला त्यातला वेळ आलेला मी पाहिलेला नाही. त्यांच्या मिक्सरचं झाकण अजून रबराने बांधलेलं आहे.

मुलीचं, श्रियाचं, लग्नाचं बघायची वेळ आली तेव्हा दामल्यांनी तेही मॅक्रोवर सोपवलं. वधुवर मंडळाच्या साइटवर नाव घातलं. जो फॉर्म येईल तो कॉम्प्युटरने उघडायचा, पगार, उंची, घर, आडनाव तपासायचं आणि बसत नसेल तर नकार कळवायचा.

"पण तुम्ही तर 'जातीची अट नाही' असं लिहिलंय," मी म्हटलं.

"लिहायचं असतं हो तसं. बरं दिसतं. गाळणी आतून लावायची."

आमच्यासारख्या घरांत स्थळाला कुणी तोंडावर नाही म्हणत नाही. पत्रिका जुळत नाही, म्हणतात. ही थाप आहे हे दोन्हीकडे ठाऊक असतं, पण तिला एक रीत असते. पत्रिका आठ दिवस देवापाशी ठेवायची. मग फोन करून आधी समोरच्यांच्या गुडघेदुखीची चौकशी करायची आणि मऊ आवाजात सांगायचं. पलीकडचा म्हणतो, असू दे, योग लागतो. एवढ्या कष्टाने बोललेलं खोटं ऐकणाऱ्याचा मान राखतं. दामल्यांनी हे कष्टच वाचवले.

श्रिया ठाण्यात एका लॅबमध्ये नोकरीला आहे. तिथेच जयेश नाखवा आहे, कळव्याच्या कोळी कुटुंबातला. दोघांचं ठरलेलं होतं. पण श्रिया बापाला ओळखून होती. स्वतः शोधलेलंच त्याला पटतं, म्हणून तिने जयेशला सांगितलं, तू मंडळातून रीतसर ये. गाळणीचं तिला ठाऊक नव्हतं. जयेशच्या आईला, मंजुळाबाईंना, हे पसंत नव्हतं. मागणी घालायला माणसं जातात, फॉर्म जात नाही, असं त्यांचं म्हणणं. तरी मासळीच्या धंद्यावरून आल्यावर मुलाशेजारी बसून त्यांनी तो भरून घेतला. पत्रिकेची जागा कोरी राहिली. जयेशची पत्रिका कधी काढलीच नव्हती.

फॉर्म गेला आणि त्या पाणी पिऊन येतात तोवर उत्तर हजर: "आपल्या मुलाची पत्रिका आमच्या गुरुजींनी अभ्यासली. दुर्दैवाने जुळत नाही. क्षमस्व. दामले परिवार."

दुसऱ्या दिवशी मायलेक डोंबिवलीला आले. दामले मला काहीतरी नवीन करामत दाखवत होते. बेल वाजली.

"दामले तुमीच का?" मंजुळाबाईंनी फोन पुढे केला. "तुमचा गुरुजी कोन हाय, मना दाखवा."

"कसले गुरुजी?"

"ज्यानं माजे पोराची पत्रिका बगली. मना पन बगायची हाय. आमचेकडं तं कुनी काढलीच नाय."

दामल्यांनी मेसेज वाचला. "अहो, हे मी नाही लिहिलेलं. ते आपोआप जातं."

"म्हंजे तुमी नाय बोलले?"

"नाही ना! तुमचा फॉर्म तर मी वाचलासुद्धा नाही."

हे त्यांनी सुटका झाल्यासारखं सांगितलं. न वाचणं म्हणजे जणू निर्दोष असणं.

"वाचला पन नाय," मंजुळाबाई म्हणाल्या. "धंद्यावर गिऱ्हाईक मना सरळ बोलतं, मावशी, तुजी कोलंबी शिळी हाय. मी भांडते. पन ते तोंडानं बोलतं. तुमाला नाय बोलायचा तं बोला ना. तोंड हाय ना?"

श्रिया आतून आली. "बाबा, हा जयेश. मीच सांगितलेलं त्याला फॉर्म भरायला. आम्हाला लग्न करायचंय."

दामल्यांनी मुलीकडे पाहिलं, मग पडद्याकडे. "अगं, मग आधी सांगायचंस ना! मी अपवाद घातला असता."

"अपवाद?" श्रिया म्हणाली.

मंजुळाबाई दारापाशी गेल्या. "पोरगी मना आवडली. पन आता तुमी यायचं कळव्याला, ऐतवारी, तोंडानं बोलायला. नाय तं पोरं कोर्टात लगीन करतील. मी अडवनार नाय. पन तुमचे दारात परत पाय नाय ठेवनार."

त्या गेल्यावर श्रिया बापाला एकच म्हणाली, "दोन्ही घरं असल्याशिवाय मला लग्न नकोय, बाबा. तुम्ही या."

रविवारी सकाळी प्रमोदिनीबाई नारळ आणि साडी पिशवीत घालून, चपला घालून उभ्या. श्रिया लिफ्ट धरून. दामले कॉम्प्युटरपुढे माफीचा मजकूर जुळवत होते.

"अहो, चला ना."

"थांब गं. नीट मसुदा तयार होऊ दे. तो आधी पाठवू, मग जाऊ."

"मसुदा कशाला? मी आहे ना बरोबर."

"पाचच मिनिटं."

प्रमोदिनीबाईंनी पाठमोऱ्या नवऱ्याकडे पाहिलं. ती पाठ मी रोज पाहतो. तिच्यात कुठेही कुणासाठी वळण्याची जागा नाही. त्या लिफ्टमध्ये शिरल्या.

कळव्याला मंजुळाबाईंनी विचारलं, दामले कुठं हायेत? प्रमोदिनीबाई म्हणाल्या, "त्यांना जरा बरं नाहीये हो. तुमची पाठ कशी आहे? श्रिया सांगत होती, बसून बसून दुखते." मंजुळाबाईंनी ती थाप ऐकली, ओळखली, आणि "असू द्या" म्हणत पाण्याचा तांब्या पुढे केला. श्रियाचा हात त्यांनी आपल्या हातात घेतला तो जेवणं होईपर्यंत सोडला नाही. तारीख दोन आयांनी ठरवली.

संध्याकाळी दामल्यांनी मला हाक मारली. चेहऱ्यावर तेज होतं.

"चूक सापडली! नकार लगेच जात होता, म्हणून ओळखू आला. आता आठ दिवस थांबून जाईल. आणि वर तब्येतीची चौकशी."

"पण श्रियाचं तर ठरलं. आता कुणाला नकार देणार?"

"भावाची मुलगी आहे ना," दामले म्हणाले आणि खुर्ची पुढे ओढून बघत बसले.