विकू काय, शांते?

वाकोल्याच्या आमच्या चाळीत तात्या सावंत ऐन उकाड्यात पंखा बंद करून बसले, की समजायचं, कौल लावलाय. कोकणात कौल देवाला लावतात. तात्या तो वारलेल्या बायकोला लावायचे. शांताकाकूंच्या फोटोच्या काचेवर तुळशीची दोन ओली पानं चिकटवायची, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघत बसायचं. उजवं पान आधी पडलं तर होय, डावं पडलं तर नाही. वाऱ्याने लबाडी करू नये म्हणून पंखा बंद.

"घरातला सगळा तीच ठरवी. आता मेली म्हणान काय तिका इचारूचा नाय?" हे ते इतक्या सहज म्हणत, की माझ्या अंगावर काटा यायचा. तसा मी बीकॉम, मरोळच्या कारखान्यात हिशेबनीस. असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता.

गिरणीतली नोकरी सुटल्यावर मिळालेले सगळे पैसे तात्यांनी एका फंडाच्या युनिटांत घातले होते, तेही काकूंना विचारूनच. भाव घसरत चालला. तशात त्यांच्या मुलीच्या, नंदाच्या हृदयाची झडप खराब निघाली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लांबवू नका. त्या दिवशीच्या भावाने पैसे जेमतेम पुरत होते.

"तात्या, विकून टाका. अजून पडला तर वाट लागेल."

"आणि उद्या भाव वर गेलो तर? पोरीच्या लग्नाक मगे काय रवात? थांब जरा. शांता सांगात."

शांता काही सांगेना. तीन दिवस दोन्ही पानं काचेला धरून होती. सुकली, काळी पडली, कडा वळल्या, तरी पडेनात. बंद, कोंदट खोलीत काकू त्या दोन पानांमधून माझ्याकडेच बघताहेत असं वाटायचं. कॉटवर नंदाला धाप लागलेली. मला तिथे बसवेना आणि उठवेनाही.

चौथ्या दुपारी नंदाचा डोळा लागला. तात्या पाणी प्यायला मोरीकडे वळले आणि मी बोटाने उजवं पान पाडलं.

तात्या आले. त्यांनी जमिनीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि युनिटं विकायच्या अर्जावर सही केली.

नंदा वाचली. पुढे भाव चढला की पडला, ते मी मुद्दाम पाहिलं नाही. वर्षभराने तिला घेऊन तात्या कायमचे गावी निघाले. वळकटी बांधायला गेलो होतो, तेव्हा मला राहवलं नाही.

"तात्या, ते पान मी पाडलं होतं."

"माका ठावक आसा. मोरीतसून बघलंय मी."

"मग सही का केलीत?"

"तुझा बोट काचेक लागला ना, तेव्हा तिची काकणां वाजली."

मी हसलो, त्यांच्या पाया पडलो. फार जीव होता माझा त्या माणसावर. पुन्हा भेट झाली नाही. पण तेव्हा एक गोष्ट मी त्यांना सांगितली नाही. काकणं मलाही ऐकू आली होती. मी दचकून मागे पाहिलं होतं. नंदा गाढ झोपली होती, आणि तिच्या हातात एकही बांगडी नव्हती.