पावडरवाले काका

कोहमाऱ्याच्या चौकात ट्रक दुरुस्त करणारे पुष्कळ, पण तोंडाला लावायची पावडर घेऊन ट्रकखाली शिरणारे एकटे आमचे मिस्त्री काका. आधी गुलाबी डबा, पाना नंतर. कुणी हसलं तर खालूनच ओरडायचे, "हास बे, हास! तुयी गाडी रडत येईन तवा पाहतो तुले."

मळकी गाडी त्यांच्यापुढे न्यायची सोयच नव्हती. "आधी आंग धुऊन आन तिचं. चिखलात मले काय दिसते?" कित्येक ड्रायव्हर चिडून पुढच्या गॅरेजात जायचे.

आमचा ट्रक बाबांचा. पावसाळ्यात खेड्यापाड्यांत खत पोचवायचा, दिवाळीनंतर तांदूळ भरून रायपूरला. बाबा भर पावसाळ्यात गेले. दिवाळीनंतर गाडी लांबच्या फेऱ्यांना लागली आणि मागच्या चाकांच्या धुऱ्यातून तेल गळू लागलं. दुसरीकडे तेल अडवणारं ऑइल सील बदललं, पुन्हा बदललं; नवंही गळायचंच. मोठा भाऊ कावला. "बाबासंग गाडीबी गेली समज," म्हणाला आणि फुलचूरच्या एकाशी विकायचं बोलून आला. रविवारी तो माणूस गाडी न्यायला येणार होता.

शनिवारी सकाळी गाडी धुऊन काकांपुढे उभी केली. त्यांनी धुरा कोरडा पुसला, नवरीला लावावी तशी हळुवार पावडर लावली आणि म्हणाले, "जा, फिरवून आन." सडक अर्जुनी गावापर्यंत जाऊन आलो. पांढऱ्या पावडरीवर तेलाचा ओघळ थेट सीलपासून निघालेला. म्हणजे पुन्हा तेच! मी कपाळावर हात मारला.

"सीलले काऊन शिव्या देऊन राहिला बे? थे बिचारं लहानसं. त्याले आतून कोन ढकलून राहिला, थे पाय."

काकांनी धुऱ्याच्या माथ्यावर हात घातला, चाचपडले आणि मला जवळ बोलावलं. तिथे आतली हवा सुटायला एक छोटी नळी असते. तिच्या तोंडावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा करकचून बांधलेला होता.

"धुरा तापला का हवा फुगते. तिले वाट नाही भेटली, तर तेलच बाहेर काढते. कोनं बांधलं हे?"

गाठ मी ओळखली. नाल्यावरच्या बुडालेल्या रपट्यावरून जाताना धुऱ्यात पाणी शिरू नये म्हणून बाबा पावसाळा लागला की ती बांधायचे आणि दिवाळीत स्वतःच सोडायचे. त्या वर्षी सोडायला बाबाच नव्हते. मी त्या तेलकट मातीत बसून ढसाढसा रडलो.

काकांनी समजूतबिमजूत काढली नाही. गाठ सोडली आणि पुसायचं फडकं माझ्या अंगावर टाकलं. "रडून घे. मंग नवं सील आन." सील ठोकता ठोकता एवढंच म्हणाले, "बांधनाऱ्यानं घरी सांगून ठेवावं लागते, बाबू."

रविवारी गिऱ्हाईक आलं तेव्हा भाऊ आधी गाडीखाली वाकला. काकांनी पुन्हा पावडर लावली होती आणि मी गाडी लांबवर फिरवून आणली होती; रायपूरला जायला ती तयार होती, पावडर कोरडी ठणठणीत होती. त्याने बोट फिरवून पाहिलं, उभा राहिला आणि म्हणाला, "नाही जी, आता नाही द्याची."

काका यंदाच्या थंडीत गेले. त्यांच्या शेडला कुलूप आहे. तिथून जाताना हॉर्न वाजवल्याशिवाय मला राहवत नाही. पावसाळा लागला की मी ती नळी बांधतो आणि घरात येऊन बायकोला सांगतो. "मालूम हाये न जी," ती वैतागते, "दर साली काऊन सांगता?"

तरी सांगतो.